पहिलं कार्ड, पहिली नोंद

(दृश्य : नाशिकरोड. करन्सी नोट प्रेसची लांबलचक भिंत. पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार.)

या भिंतीमागे १९२८ पासून आपल्या देशाच्या नोटा छापल्या जातात. नाशिककरांना त्याचा अभिमान आहेच. पण याच शहरात, सातपूर-अंबडच्या कारखान्यात नुकतंच कामाला लागलेलं एखादं पोरगं बँकेत कर्ज मागायला जातं, तेव्हा आधी त्याचा पॅन नंबर टाकला जातो. पडद्यावर एक आकडा येतो, ३०० ते ९०० मधला. हा क्रेडिट स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून ठरणारी पत. किंवा आकडाच येत नाही.

ज्याचा आकडा येत नाही, त्याने काही बुडवलेलं नसतं. त्याने कधी कर्जच घेतलेलं नसतं. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेने किमान आकड्याची अट घातलेली नाही, हे खरं. तरीही ज्याचा मागचा व्यवहार दिसत नाही, त्याला कर्ज देताना बँक हात आखडता घेते.

(दृश्य : सराफ बाजार, रविवार कारंजा. जुन्या दुकानातली लाल वही.)

पेठेतला जुना दुकानदार विचारतो, "कोणाचा रे तू?" आणि वडिलांच्या नावावर उधारी मिळते. वडिलांनी सोसायटीचं पीककर्ज वर्षानुवर्षं वेळेत फेडलं, गावात त्यांच्या शब्दाला किंमत आहे. पण त्यातलं काहीही मुलाच्या पॅनवर उतरत नाही. त्याची नोंद त्यालाच उभी करावी लागते, आणि ती विशी-पंचविशीत सुरू झालेली बरी. घराचं कर्ज लागतं तेव्हा मागे पाच-सात वर्षांचा व्यवहार दिसावा लागतो, तो आयत्या वेळी तयार करता येत नाही.

सुरुवात कुठून करायची? पगार ज्या बँकेत जमा होतो, तिथून पहिलं क्रेडिट कार्ड घेऊन. पगाराची स्लिप नसेल, वडापावची गाडी असेल किंवा अजून कॉलेज सुरू असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज सुरूच राहतं आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद इतर कार्डांसारखीच होते. मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या प्रत्येकाला मात्र अर्ज भरून देऊ नका. प्रत्येक अर्जामागे बँक तुमच्या कर्जव्यवहाराचा अहवाल मागवते आणि लागोपाठ अशा चौकश्या झाल्या की आकडा खाली येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा घटत नाही.

कार्ड हातात आलं की त्याच्यावर नवीन खर्च शोधू नका. पेट्रोल, मोबाईलचं रिचार्ज, घरचा किराणा, जे एरवी खात्यातून जातंच, तेवढंच कार्डावर टाका. मर्यादा चाळीस हजारांची असेल, तर दहा-बारा हजारांच्या पुढे जाऊ नका. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

(दृश्य : मोबाईलवर आलेलं बिल. 'एकूण देय' आणि 'किमान देय' हे दोन आकडे जवळून.)

आता इथे थांबून नीट बघा. बिलावर दोन रकमा असतात. एकूण देय वीस हजार, किमान देय एक हजार. महिनाअखेर असते, खोलीचं भाडं द्यायचं असतं, आणि वाटतं, हजार भरले की झालं.

ढोबळ हिशेब करू. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तर वीस हजारांवर सातशे रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १२६ रुपये. म्हणजे तुम्ही भरलेल्या हजारातून फिटले फक्त १७४. शिवाय बाकी शिल्लक आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. उद्या भरलेल्या पेट्रोलवर उद्यापासूनच व्याज. किमान रक्कम भरणाऱ्याची नोंद थकबाकीदार म्हणून होत नाही, म्हणूनच हा खड्डा लवकर दिसत नाही. आम्हाला या विषयावर बोलावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी. पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून टाका. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर शुल्क वेगळं.

(दृश्य : महात्मा गांधी रोड. मोबाईलच्या दुकानांच्या पाट्या.)

हप्त्यावर घेतलेला फोन हेही कर्जच. एक हप्ता चुकला, तरी तो अहवालात दिसतो. मित्राला जामीन राहिलात, तर त्याचं कर्ज तुमच्याही अहवालात येतं. थकलेल्या बिलावर वसुलीवाला 'सेटलमेंट करून टाका' म्हणाला, तर आधी विचार करा : रक्कम कमी होते, पण 'सेटल्ड' हा शेरा पुढे कित्येक वर्षं राहतो.

अहवाल मात्र वरचेवर पाहत चला. असे अहवाल तयार करणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला, तर वर्षभर लक्ष राहतं. न घेतलेलं कर्ज किंवा भरलेलं बिल थकीत दिसलं, तर लगेच तक्रार नोंदवा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे.