सुई आधी, मग भाला

१९७२ सालच्या ऑक्टोबरात ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर, उमानाकजवळ, दोन भाऊ पक्ष्यांच्या शिकारीला गेले होते. किलाकित्सोक नावाच्या ओसाड जागी, पुढे झुकलेल्या कड्याखाली, त्यांना रचलेले दगड दिसले. दगड बाजूला केले तर खाली कातडी, आणि कातड्यांखाली माणसं. दोन थडग्यांत मिळून आठ जण: सहा बायका, चारेक वर्षांचा एक मुलगा आणि सहा महिन्यांचं एक बाळ. साधारण १४७५ सालची ही इनुइट माणसं, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखातले मूळ रहिवासी. थंड कोरड्या हवेत सुकली, कुजली नाहीत. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कपडेही टिकले, ७८ नग. सीलच्या कातड्याचे, कॅरिबूच्या कातड्याचे, पिसं आतल्या बाजूला ठेवून शिवलेले पक्ष्यांच्या कातडीचेसुद्धा. त्या बाळाच्या अंगातही टोपीसकट अंगरखा होता.

मंडळी, मी चामड्याचं काम शिकवतो. पाचशे वर्षांनी जोड न उसवलेला कपडा म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही.

इनुइट म्हटलं की आपल्याला भाला, कुत्र्यांची गाडी आणि बर्फाचं घर आठवतं. शाळेच्या भूगोलात तेवढंच होतं, तेही ‘एस्किमो’ या नावाने. कॅनडातल्या या लोकांना ते नाव नको आहे. इनुइट म्हणजे माणसं, आणि एकट्या माणसाला म्हणायचं इनुक. माझं आज सांगणं एवढंच आहे, की त्यांच्या जगण्यात भाल्याच्या आधी सुई येते.

ती कशी, बघा. हिवाळ्यात समुद्र गोठला की सील श्वास घ्यायला बर्फात भोकं राखून ठेवतो. शिकारी त्या भोकापाशी हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, घेऊन उभा राहतो. हलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, कारण खालून सीलला ऐकू जातं. उणे तीस अंशांत तासन्‌तास असं उभं राहायचं. बुटाचा एक टाका ढिला असला, पाणी आत शिरलं, की पाय गोठला. पाय गोठला की शिकार संपली, आणि घरच्यांचं खाणंही. म्हणजे तो हार्पून मारतो तो बायकोच्या शिवणीवर उभा राहून.

थंडीसाठी मुख्य कातडं कॅरिबूचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रानटी रेनडिअरचं. त्याच्या केसाच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या कातड्याला माशीच्या अळ्यांनी भोकं पाडलेली असतात आणि भर हिवाळ्यातलं फार जाड होतं. म्हणून कपड्यांसाठी उन्हाळा सरता-सरताची शिकार. हिवाळ्याचे अंगरखे दोन: आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर. पुढून उघडायला काही नाही, डोक्यातून घालायचे. वारा शिरेल अशी फटच ठेवायची नाही. पण कपडा अंगाबरोबर घट्टही नको, कारण तिथे घाम हा थंडीइतकाच वैरी आहे. चालून ऊब वाढली की टोपी मागे टाकायची, गळ्यातून गरम हवा निघून जाते. पूर्ण पोशाखाचं वजन चार किलोच्या आसपास. घरात शिरण्यापूर्वी लवेतला बर्फ काठीने झटकून काढायचा, आणि ओले बूट कुलिकवर, म्हणजे सीलच्या तेलावर जळणाऱ्या दगडी दिव्यावर, टांगून वाळवायचे.

कातडं कापायचं हत्यार म्हणजे उलु. बायकांची सुरी. अर्धचंद्राकार पातं आणि पात्याच्या बरोबर वर मूठ. आपल्याकडे चांभाराची रापी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उलु लगेच ओळखीचा वाटेल. जुनी पाती पाटीच्या दगडाची, काही भागांत तांब्याची, पुढे जुन्या करवतींच्या पोलादाची. कापायचं ते मांसाकडच्या बाजूने, कातडं थोडं उचलून धरून, म्हणजे कातडी चिरते पण एकही केस तुटत नाही. कातडं मऊ करायला बायका ते खरवडायच्या आणि चावायच्यासुद्धा. म्हाताऱ्या बायकांचे दात त्यात पार झिजून गेलेले असत.

दोरा प्राण्याच्या पाठीतल्या कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्टीचा, वाळवून तंतू-तंतू वेगळा केलेला. इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेत त्याला इवालु म्हणतात. हा दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. बुटांच्या जोडावर तर याहून पुढची करामत आहे. दोन कातड्यांपैकी एकीतून सुई आरपार जाते, दुसरीच्या मात्र अर्ध्या जाडीतूनच जाऊन परत फिरते. मग काम उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूने तसाच टाका. त्यामुळे दोन्ही कातड्यांतून सलग जाणारं भोक कुठेच उरत नाही, पाण्याला वाट मिळत नाही. दीड-दोन मिलिमीटरच्या चामड्यात, हाडाच्या सुईने, मिणमिणत्या दिव्याजवळ हे करून बघा.

अनेक गटांत असा कडक नियम होता, की कॅरिबूच्या कातड्याचं शिवणकाम समुद्राच्या बर्फावर राहायला जायच्या आत संपलंच पाहिजे. जमिनीवरचं आणि समुद्रातलं एकत्र करायचं नाही. त्यामुळे शरद ऋतूत बायकांच्या हाताला उसंत नसे.

आणि अमाउती! लेकुरवाळ्या बाईचा अंगरखा. टोपीखाली पाठीवर मोठा खिसा, त्यात बाळ आईच्या उघड्या पाठीला चिकटून बसतं. बाहेरून कमरेला पट्टा, म्हणजे बाळ खाली घसरत नाही. खांदे मुद्दाम एवढे सैल, की बाळाला आतल्या आत पुढे फिरवून पाजता येतं, बाहेरचा वारा न लागता. कपड्याची एवढी विचारपूर्वक केलेली बेतणी मी दुसरी पाहिलेली नाही.

नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनने हे ओळखलं. १९०३ ते १९०५ त्याचं जहाज उत्तर कॅनडातल्या किंग विल्यम बेटावर थांबलं होतं, तेव्हा तो तिथल्या नेत्सिलिक इनुइटांकडून हे कपडे वापरायला शिकला. १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा माणसं पोचली, ती त्याची तुकडी. त्यांच्या सामानात लवदार कातडी पोशाख होते. ज्या बायका असे कपडे शिवत, त्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात, आणि हे मला फार लागतं.

शिल्पांचं मात्र वेगळं झालं. हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्यांत छोट्या आकृती कोरणं जुनंच. पण १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा कॅनडाचा चित्रकार इनुकजुआक या इनुइट गावाला गेला, पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये त्या कामाची विक्री झाली आणि दगडातले सील, अस्वलं, शिकारी जगभर पोचले. सुंदर आहेतच. तरीही मला वाटतं, त्या कलेची मुळं शोधायला सुईपाशीच जावं लागेल. केनोजुआक अशेवाक ही उत्तर कॅनडातल्या किंगाइट गावची इनुइट चित्रकर्ती. तिच्या घुबडाचं चित्र १९७० साली कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं. तिचं पहिलं छापचित्र, समुद्री शेवाळ खाणारा ससा, कागदावर सुचलेलं नव्हतं. तो आकार तिने आधी सीलच्या कातड्याच्या पिशवीसाठी केला होता. कातड्यात आकार कापायचा म्हणजे एकच सलग रेघ लागते, खोडता येत नाही. तिच्या पक्ष्यांची कड बघितली की हातातला उलु दिसतो.

इथे टेबलावर मी दोन तुकडे ठेवले आहेत. बकऱ्याचं चामडं आहे, आणि कंडरेचा दोरा मिळाला नाही म्हणून मेण लावलेला दोरा वापरला आहे. एका तुकड्याला आपला नेहमीचा आरपार टाका, दुसऱ्याला तो अर्ध्या जाडीतला. वाटीसारखे धरून पाणी ओता, आणि मग उलटे करून दोन्हींची मागची बाजू बोटाने चाचपून बघा.