पंगतीला कोण?

(दृश्य: पंच हौद परिसर. चर्चचा उंच मनोरा, खाली पेठेतली गर्दी.)

गुरुवार पेठेतलं हे पवित्र नाम देवालय. बांधकाम 1885 सालचं. पुणेकर पत्ता सांगताना मात्र पंच हौदच म्हणतात.

1890 च्या ऑक्टोबरात इथल्या मिशनमध्ये शहरातली मोठी मंडळी जमली होती. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहर पेटलं. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी ते 1892 मध्ये घेतलं.

आज हसू येतं. पण त्या काळी कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं यावर माणसाचं घरदार, सोयरीक, श्राद्धपक्ष सगळं अवलंबून होतं. मिशनऱ्यांनी पैसे दिले, शाळा काढल्या, दवाखाने काढले, तर पुण्याला ते चालत होतं. अडायचं ते ताटापाशी.

(दृश्य: पंडिता रमाबाईंचं छायाचित्र.)

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी काढलेली निवासी शाळा, मुंबईहून पुण्यात आलं. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झाल्या होत्या. पंच हौदला काम करणाऱ्या सिस्टर्स त्याच वाँटेजच्या मठाच्या. म्हणजे पुण्याच्या लेखी बाई बाटलेली. आणि तिच्या दारात येणार कोण, तर केशवपन केलेल्या, लाल आलवण नेसलेल्या ब्राह्मण विधवा, त्यातल्या कित्येक अजून पोरीच.

मग बाईंनी काय केलं? सदनात मुलींना आपलं सोवळं पाळता येईल अशी स्वयंपाकाची वेगळी सोय ठेवली. घर ख्रिस्ती बाईचं, पण चुलीचा नियम पाहुणीचा. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग हाच. पोटभर वाढणारे पुष्कळ भेटतात. आलेल्याला आधी आपल्यासारखं व्हायला न लावता वाढणारे कमी.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, ती हीच.

अर्थात गोष्ट इतकी सरळ नाही. रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. केसरीने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दाराला कडी का घातली नाही, हा पुण्याचा सवाल. आपल्याच घरात प्रार्थना चोरून का करायची, हा बाईंचा. आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेची सावली आसऱ्याला आलेल्यावर पडतेच, हे टीकाकारांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण काढून नेलेल्या मुलींसाठी त्यांच्यातल्या किती जणांनी स्वतःच्या घराचं दार उघडलं असतं, हेही विचारायला हवं.

(दृश्य: दौंडकडे जाणारी गाडी. रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस.)

1896-97 चा दुष्काळ आला, आणि बाई मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली होती. भावाबरोबर त्यांनी उपाशीपोटी पायपीट केली होती. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध. इतक्या जणींना शहरात ठेवायची सोय नव्हती, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्काम हलला. तेच मुक्ती सदन.

इथे ब्राह्मण विधवांपुरता प्रश्न उरलाच नाही. सगळ्या जातींच्या मुली, गुजरातच्या पुढच्या दुष्काळातून आलेल्या, आंधळ्या, म्हाताऱ्या. समाजाने ‘वाया गेलेली’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन. 1900 च्या सुमाराला माणसं दीड हजारांच्या घरात. एवढ्यांचं धान्य आणायचं, निवडायचं, दळायचं, पाणी विहिरीतून काढायचं. म्हणून आल्या तशा मुली कामाला लागल्या: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यात खिळे जुळवणं. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने अंध मुलींना वाचायला शिकवलं.

लूकच्या शुभवर्तमानात येशू एका यजमानाला सांगतो, की जेवण देशील तेव्हा मित्रांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट आमंत्रण देतील. गरीब, लुळे-पांगळे, आंधळे यांना बोलाव. केडगावच्या पंगतीत अगदी हीच माणसं होती.

रमाबाई 1922 मध्ये गेल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे, निराधार बायका आणि मुलं आजही तिथे राहतात. पुण्याहून दौंडच्या शटलने जाता येतं, केडगाव स्टेशनला उतरायचं.