खेळण्यावरचे चिन्ह

श्रोतेहो, नमस्कार. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून घाऊक भावाने माल उचलून उपनगरांतल्या दुकानांत विकणाऱ्या, किंवा घरी कापडी बाहुल्या शिवून प्रदर्शनात मांडणाऱ्या अनेकांना वाटते की खेळण्यांच्या सुरक्षिततेचा कायदा केवळ मोठ्या कारखानदारांसाठी आहे. हा समज मला धोक्याचा वाटतो.

केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याने मिळालेले आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. चिन्ह नसलेले खेळणे बनवण्यास आणि आयात करण्यास जशी मनाई आहे, तशीच ते विकण्यास, साठवण्यास आणि विक्रीसाठी मांडून ठेवण्यासही आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. पण नोंदणी नसेल, तर वस्तू हाताने बनवली आहे एवढ्याने ही सूट मिळत नाही.

यामागची कारणे नीट समजून घ्यायला हवीत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून सुटणारा भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे नापास ठरते, कारण तेवढा तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो. म्हणूनच बाहुलीचा डोळा किंवा गाडीचे चाक ओढून पाहिले जाते. रंगातले शिसे तोंडावाटे पोटात गेले, तर वाढत्या मेंदूची हानी होते, आणि ती भरून येत नाही. बटणाएवढी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. त्यामुळे तिचा कप्पा मुलाला सहज उघडता येणार नाही असाच असायला हवा. हे दोष दुकानात नुसत्या नजरेला दिसत नाहीत, आणि ग्राहकाने ते ओळखावेत ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

दुकानदारांनी माल घेताना पक्के बिल घ्यावे आणि चिन्हाखालचा, 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासावा, कारण खोटे चिन्ह छापणे अवघड नसते. पालकांनाही ही तपासणी विनामूल्य करता येते. क्रमांक जुळला नाही, तर त्याच ॲपवर तक्रार करावी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि तोवर ते खेळणे मुलाच्या हाती देऊ नये.