पोटात रोज ८-९ लिटर पाणी येतं कुठून आणि जातं कुठं?

नमस्कार मंडळी. आधी एक आकडा सांगते, मग पुढं जाऊ. पाणी, चहा, आमटी, ताक सगळं धरून आपण दिवसाला साधारण २ लिटर पाणी पोटात घेतो. पण लहान आतड्यात रोज उतरतं ८-९ लिटर. वरचं ६-७ लिटर शरीर स्वतः ओततं. आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ५ लिटर!

आज पचनसंस्था या पाण्याच्या मागोमाग जाऊन बघू. आकृती काढून नावं शाळेत सगळ्यांनीच दिली आहेत. पाण्याचा हा हिशोब मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि घरात जुलाब लागलेलं मूल असेल तेव्हा नेमका तोच कामाला येतो.

(ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दाखवत)

भाकरीचा असा कोरडा तुकडा तोंडात टाका. भाजी नको, चटणी नको. गिळायची घाई न करता मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर भाकरीतल्या स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही साखर तयार करतं, ती ही गोडी. म्हणजे पचन तोंडातच सुरू झालं. ही लाळ दिवसाला एक ते दीड लिटर सुटते.

अन्ननलिकेत थांबण्यासारखं काही नाही. साधारण २५ सेंटीमीटरची नळी, तिचे स्नायू वरून खाली आवळत जातात आणि घास पुढं सरकतो.

मग जठर. इथं दिवसाला २ लिटरच्या आसपास जठररस सुटतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि डाळीतली, अंड्यातली प्रथिनं तोडणारं पेप्सिन असतं. एवढ्या आम्लात जठर स्वतः कसं टिकतं? आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. पण खरं सांगू का, जठराला जरा जास्तच मान मिळतो. शस्त्रक्रियेत पूर्ण जठर काढलेली माणसं थोडं थोडं खाऊन आणि बी-१२ ची इंजेक्शनं घेऊन जगतात. लहान आतडं पूर्ण काढलं तर नुसतं तोंडानं खाऊन माणूस जगू शकत नाही.

तिथं काय होतं ते बघा. जठरातून आलेल्या आंबट लगद्यावर स्वादुपिंडाचा रस पडतो, दिवसाला दीड लिटरच्या आसपास. यकृताचं पित्त पडतं, अर्धा ते एक लिटर. आतडं स्वतःचा रस सोडतं, तो वेगळा. पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडाची विकरं स्टार्च, प्रथिनं, चरबी सगळ्यांचे तुकडे करतात. हे तुकडे करायलाही पाणी लागतं, आणि पाण्यात मिसळल्याशिवाय ते आतड्याच्या भिंतीतून रक्तापर्यंत पोचत नाहीत.

या रसांमधलं सगळं पाणी रक्तातून येतं. शरीरानं ते उसनं दिलेलं असतं आणि त्याच दिवशी परत हवं असतं. ८-९ लिटरपैकी शौचावाटे बाहेर जातं १०० ते २०० मिलीलिटर. बाकी सगळं परत! बहुतेक लहान आतडं शोषतं, उरलेलं लिटर-दीड लिटर मोठं आतडं.

यासाठी जागाही तशीच लागते. आतड्याच्या आतल्या अंगाला घड्या असतात, घड्यांवर मिलीमीटरभर उंचीचे, बोटांसारखे उंचवटे म्हणजे उद्वर्ध असतात, त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केस. दोन स्वीडिश शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नव्यानं मोजमाप केलं, तेव्हा लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर भरला.

आता मुद्द्याचं. पाणी आपलं आपण शोषलं जात नाही. आधी मीठ-साखर पेशीत जाते, तिच्या मागून पाणी जातं. या पेशींवर एक वाहक प्रथिन आहे, ते सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण एकत्रच आत घेतं. नुसतं ग्लुकोज दिलं, सोडियम नाही, तर हे प्रथिन काम करत नाही. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही कल्पना १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

कॉलऱ्यात काय होतं? जंतूचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहायला लावतं. हे विष असतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. रोग जोरात असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण त्याही अवस्थेत ते सोडियम-ग्लुकोजचं वाहक प्रथिन चालू राहतं! विष त्याला बंद करत नाही.

याच एका गोष्टीवर १९७१ मध्ये हजारो जीव वाचले. बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते, बनगाव इथं कॉलरा पसरला, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. आधी ३० टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला विचाराल तर ते जिवंतपणी मिळायला हवं होतं.

आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, ती हीच. म्हणून जुलाब लागल्यावर ‘पाणी देऊ नका, अजून होतील’ हे कृपा करून ऐकू नका. शरीराला उसनं परत घ्यायचं आहे, त्याला घेऊ द्या.

(चमचा दाखवत)

पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, चहाचे ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शिगोशीग नकोत. साखर जास्त झाली तर ती उलट रक्तातलं पाणी आतड्यात ओढते. म्हणूनच कोल्ड्रिंक, पाकिटातला गोड ज्यूस चालत नाही. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

२ वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर. अंगावरचं दूध चालू ठेवा. आशाताईंकडे जलसंजीवनीबरोबर झिंकच्या गोळ्याही मिळतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पीतच नाही, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. आणि नुसती उलटी झाली म्हणून पाजणं सोडू नका. दहा मिनिटं जाऊ द्या, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा. तयार केलेलं पाणी २४ तासांनी उरलं तर टाकून द्या, नवीन करा.