निळा लेझर, दोन डिस्क आणि एक प्रश्न: लोक घेणार का?

(पडद्यावर: खिडकीतल्या उजेडात शेजारी शेजारी धरलेल्या दोन डिस्क)

ह्या दोन डिस्क बघा. एकाच मापाच्या आहेत, १२ सेंटीमीटर, मधलं भोकही तेच, आमच्या घरी तर दोन्हीला सीडीच म्हणतात. डावीकडची डीव्हीडी आहे, उजवीकडची ब्लू-रे. तिरकी धरली की डावीकडची चंदेरी दिसते आणि उजवीकडची किंचित निळसर, बाहेरून एवढाच काय तो फरक. पण डावीकडचीच्या एका थरात ४.७ जीबी मावतं आणि उजवीकडचीच्या एका थरात २५ जीबी, दोन थर असतील तर ५०. म्हणजे जागा तेवढीच आणि माल पाचपट.

ही उजवीकडची डिस्क बाजारात आली तेव्हा तिच्यासोबत तिच्यासारखीच अजून एक आली होती, एचडी डीव्हीडी नावाची. आणि २००६ ते २००८ अशी जवळजवळ दोन वर्षं अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दुकानांत एकच प्रश्न फिरत होता, की लोक हे घेणार का, आणि घेणार तर दोघांपैकी कुठलं. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण सिनेमा घरी कसा बघतो आणि तो आपल्याकडे राहतो की नाही हे बरंचसं तेव्हा ठरलं.

(पडद्यावर: अंगणात रांगोळीचे ठिपके, बारीक चिमटीतून पडणारी रेघ)

आधी ही जागा वाढली कशी ते बघू. रांगोळी घालताना चिमटीतून जाड धार सोडली तर अंगणात मोजकेच ठिपके बसतात, धार बारीक केली की त्याच अंगणात कितीतरी जास्त. डिस्कचंही अगदी हेच आहे. डीव्हीडी वाचणारा लेझर लाल, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, आणि ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटर. धार बारीक झाली, ठिपका बारीक झाला, रेघा जवळ जवळ आल्या. हा निळा उजेड मिळवायला जगाला फार वेळ लागला, जपानमधल्या तोकुशिमाच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा नावाच्या इंजिनिअरने १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी करून दाखवला आणि पुढे त्याच वाटेवर निळा लेझरही केला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना मिळालं ते ह्या निळ्या एलईडीसाठीच.

आता दोन्ही बाजूंकडे निळा लेझर तोच होता, मग भांडण कशाचं? तर माहिती डिस्कमध्ये किती खोल ठेवायची ह्याचं. एचडी डीव्हीडीच्या बाजूची तोशिबा म्हणत होती डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे डीव्हीडीचे कारखाने थोड्याफार बदलात चालतील आणि डिस्क स्वस्त पडेल, पण मग एका थरात १५ जीबीच मावायचं. सोनी आणि तिच्यासोबतचे म्हणत होते पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर ठेवा, कारखाने नवे लागतील पण २५ जीबी मिळेल. एवढ्या वर माहिती असली की ओरखडा पडायची भीती, म्हणून सुरुवातीला ब्लू-रे चक्क प्लास्टिकच्या डबीत घालून विकायचा बेत होता, नंतर वरचा कडक लेप आला आणि डबी गेली. २००५ मध्ये दोघं एकत्र बसले होते, एकच फॉर्मॅट करूया म्हणून बोलणी झाली, पण ती फिसकटली. मला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान त्या दिवसांत झालं, पुढे कोण जिंकलं कोण हरलं हे त्यामानाने छोटं.

(पडद्यावर: २००६ सालच्या प्लेअरची जुनी छायाचित्रं)

एप्रिल २००६, तोशिबाचा पहिला प्लेअर अमेरिकेत आला, किंमत ४९९ डॉलर. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलर. तेव्हा साधा डीव्हीडी प्लेअर पन्नास डॉलरच्या आत मिळत होता. आणि नुसता प्लेअर घेऊन भागत नव्हतं, घरात एचडी टीव्ही पाहिजे, तो नसेल तर तो आधी घ्या, मग एचडीएमआय केबल घ्या. त्यात तोशिबाच्या पहिल्या मॉडेलला चालू व्हायलाच जवळपास मिनिटभर लागायचं, आणि सुरुवातीच्या काही ब्लू-रे डिस्कचं चित्र इतकं मऊ दिसायचं की लोक म्हणाले ह्यात आणि डीव्हीडीत फरक काय.

आणि सिनेमे वाटले गेलेले. युनिव्हर्सलचे सिनेमे फक्त एचडी डीव्हीडीवर, सोनीचे, डिस्नेचे आणि फॉक्सचे फक्त ब्लू-रेवर, वॉर्नर दोन्हीकडे, पॅरामाउंट आधी दोन्हीकडे आणि ऑगस्ट २००७ मध्ये अचानक फक्त एचडी डीव्हीडीकडे. म्हणजे ज्याला सगळे सिनेमे बघायचेत त्याने दोन प्लेअर घ्यायचे. माझा मामेभाऊ तेव्हा न्यू जर्सीत होता, पगार चांगला, सिनेमाचं वेड माझ्यापेक्षा जास्त, मोठा टीव्ही नुकताच घेतलेला. मी फोनवर विचारलं घेतलास का नवीन प्लेअर, तर म्हणाला, "नाही रे, आधी त्यांचं त्यांना ठरू दे, मग बघू." ज्याने पहिल्या दिवशी घ्यायला हवं होतं तोच थांबला, आणि असे थांबलेले खूप होते. बीटामॅक्स आणि व्हीएचएस ह्या व्हिडिओ कॅसेटच्या दोन जुन्या फॉर्मॅटचं भांडण ज्यांनी बघितलेलं, चुकीची मशीन घेऊन हात पोळलेले, ते कशाला परत पैसे घालतील.

नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने एचडी डीव्हीडी प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला लावला तेव्हा लोक रांगा लावून घेऊन गेले. म्हणजे लोकांना नकोच होतं असं नाही, शंभर डॉलरच्या आत आलं की घेत होते, पाचशेला घेत नव्हते.

पण एव्हाना दुसऱ्या बाजूने एक वेगळीच गोष्ट झालेली. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणला आणि प्रत्येकात ब्लू-रे ड्राइव्ह घातला. मुलांनी गेमसाठी हट्ट केला, आईबापांनी गेमसाठी घेतला, आणि कोणी ठरवलंही नसताना लाखो घरांच्या हॉलमध्ये ब्लू-रे प्लेअर येऊन बसला. मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला होता, पण तो वेगळा, १९९ डॉलरचा, वरून जोडायचा. हा फरक मला फार बोलका वाटतो. वेगळं विकत घ्यायला लागलं की माणूस विचार करतो, आधीच आत असलं की वापरून बघतो.

(पडद्यावर: कॅलेंडरची पानं, जानेवारी आणि फेब्रुवारी २००८)

४ जानेवारी २००८, लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन दोन-तीन दिवसांवर आलेलं, आणि वॉर्नरने जाहीर केलं की आता फक्त ब्लू-रे. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत तेव्हा पोस्टाने डिस्क पाठवणारं नेटफ्लिक्स, मग बेस्ट बाय ही इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, मग वॉलमार्ट एकेक करून ब्लू-रेच्या बाजूने गेले, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. पुढच्याच वर्षी तोशिबा स्वतः ब्लू-रे प्लेअर विकायला लागली. आता ह्यात प्रेक्षकाने काय ठरवलं सांगा. ठरवलं स्टुडिओने, दुकानदाराने आणि गेमच्या डब्याने.

तरीपण खरा प्रश्न राहतोच. भांडण मिटलं, एकच फॉर्मॅट उरला, किमती उतरल्या, मग लोकांनी डीव्हीडी सोडून ब्लू-रे का नाही धरला? घेतला, बऱ्याच लोकांनी घेतला, पण डीव्हीडी पुढची दहा वर्षंसुद्धा ब्लू-रेपेक्षा जास्त खपत राहिली. ह्याचं उत्तर माझ्या मते आपल्याच घरातल्या जुन्या कॅसेटमध्ये आहे.

(पडद्यावर: व्हीसीआरमध्ये जाणारी कॅसेट, खडखड आवाज)

आमच्याकडे सुट्टीत व्हीसीआर भाड्याने यायचा, सोबत तीन कॅसेट, आणि रात्रभरात तिन्ही पिक्चर संपवायचे कारण सकाळी परत द्यायचंय. टेप अडकली की बाबा पेन्सिल घालून चाक फिरवायचे, चित्रावर पट्टे आले की हेड पुसायचं, आणि परत देताना रिवाइंड केली नाही तर लायब्ररीवाला काका ओरडायचा. डीव्हीडीने हे सगळं एका झटक्यात घालवलं. रिवाइंड नाही, हवा तो सीन बटणावर, टेप अडकणं नाही, आणि जुन्याच टीव्हीला जुन्याच वायरने जोडा. चित्र सुधारलं हे तर वरचं. लोकांनी डीव्हीडी घेतली ती डोकेदुखी कमी झाली म्हणून.

आणि ब्लू-रेने कुठली डोकेदुखी कमी केली? एकही नाही. डिस्क तशीच घालायची, तशीच काढायची. चित्र मात्र खरंच वेगळं, पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० बाय ५७६ ठिपके आणि ब्लू-रेत १९२० बाय १०८०, बरोबर पाचपट. मी पहिल्यांदा नीट लावून बघितलं तेव्हा नटाच्या कपाळावरचा घाम वेगळा दिसला, शालीची वीण दिसली, रात्रीच्या सीनमध्ये काळ्याच्या आत अजून काळं असतं हे कळलं, मी तोच सीन तीनदा मागे घेऊन बघितला. पण त्यासाठी टीव्ही मोठा लागतो आणि जवळ बसावं लागतं. २६ इंचाच्या टीव्हीसमोर दहा फुटांवर बसून जेवत जेवत बघणाऱ्याला हा फरक दिसतच नाही, आणि बहुतेक घरं तशीच बघतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आपल्याकडे तर गोष्ट अजून वेगळी. अमेरिका डीव्हीडीवर होती तेव्हा आपण व्हीसीडीवर होतो, ३५२ बाय २८८ ठिपके, एका डिस्कमध्ये साधारण ७४ मिनिटं. म्हणजे हिंदी पिक्चर दोन नाहीतर तीन सीडींचा. ऐन गाण्यात नाहीतर मारामारीत चित्र थांबायचं, कोणीतरी उठायचं, दुसरी सीडी टाकायची, आणि तेवढ्यात आई चहा टाकून यायची. २००७ मध्ये मोझर बेअर ह्या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, स्टेशनबाहेर, किराणा दुकानात, सगळीकडे, आणि कॉपीवाल्यांचं धाबं दणाणलं. म्हणजे तिकडे दोन निळ्या लेझरचं भांडण ऐन भरात होतं तेव्हा इथे ओरिजिनल डिस्क पहिल्यांदा सामान्य माणसाच्या खिशात बसत होती. त्या ग्राहकाला कोण सांगणार की आता हजार रुपयांची डिस्क घे. मराठी सिनेमा तर ब्लू-रेपर्यंत फारसा पोचलाच नाही आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या कितीतरी चांगल्या सिनेमांची घरी ठेवण्यासारखी सगळ्यात बरी प्रत अजूनही एखादी घासलेली व्हीसीडीच आहे. मग २०१६ उजाडलं, जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आणि आपण डिस्कची ती पायरी न चढताच थेट मोबाइलवर गेलो. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून लिलावाच्या वाटेला लागली.

त्याच २०१६ मध्ये तिकडे ४के ब्लू-रे आली होती, १०० जीबीपर्यंत जागा असलेली. पुन्हा तोच प्रश्न, लोक घेणार का? ह्या वेळी समोर भांडायला दुसरी डिस्क नव्हती, समोर स्ट्रीमिंग होतं, जे नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्येच, म्हणजे दोन डिस्क एकमेकींशी झगडत असतानाच, सुरू केलेलं. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणं थांबवलं, २९ सप्टेंबर २०२३ ला नेटफ्लिक्सने पोस्टाने डिस्क पाठवणं बंद केलं, २०२४ मध्ये बेस्ट बायने दुकानातून सिनेमांच्या डिस्क काढल्या.

पण एक गोष्ट मी सोडायला तयार नाही. नेटफ्लिक्स ४के बघायला १५ एमबीपीएसचं इंटरनेट असावं असं सांगतं, आणि १०० जीबीच्या ४के डिस्कवरून १२८ एमबीपीएसपर्यंत माहिती येऊ शकते. धुकं, पाऊस, धुरळा, अंधार, हे जिथे आहे तिथे हा फरक लगेच कळतो, स्ट्रीमिंगमध्ये अंधारात चौकोन चौकोन दिसतात. आणि दुसरं म्हणजे मालकी. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या लायब्ररीतून काढणार असं सोनीने कळवलं होतं, ओरड झाली, नवा करार झाला म्हणून ते टळलं. कपाटातली डिस्क कोणी असं पत्र पाठवून नेऊ शकत नाही.

(पडद्यावर: कपाटाचं दार उघडतं, डिस्कची रांग)

माझ्याकडे चाळीसेक ब्लू-रे आहेत, बहुतेक बाहेरून कोणीतरी बॅगेतून आणलेल्या, काही इथे लागत नाहीत कारण रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालणार ते ठरवणारा कोड, वेगळा, आपला सी आणि अमेरिकेचा ए. रविवारी एक काढतो, कडेने धरतो, मऊ फडक्याने मधून बाहेर असं सरळ पुसतो, गोल नाही, गोल पुसलं की ओरखडा वाचणाऱ्या रेघेच्याच दिशेने जातो. ट्रे बाहेर येतो, डिस्क बसते, ट्रे आत जातो, आणि आतून ती फिरायला लागल्याचा बारीक आवाज येतो.

आई आतून विचारते, "किती सीड्यांचा आहे रे पिक्चर? म्हणजे चहा कधी टाकायचा ते कळेल."

"एकच आहे, आई."

ती गॅस बारीक करून बाहेर येते आणि बसते.