दस्ता खांद्याला, चोक अंतराला

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. अर्धवट घडवलेले तंबोरे भिंतीला टेकवून ठेवलेले.)

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सकाळी शिरले, की लाकडावर फिरणाऱ्या कानशीचा आवाज आधी कानावर येतो. येथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. हत्यारांची कामे करणारे हे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गिऱ्हाईक दारात आले, की कारागीर गळ्याची चौकशी करतो. तंबोरा पुरुषाच्या आवाजासाठी हवा की स्त्रीच्या, पट्टी कोणती, हे कळल्याशिवाय भोपळ्याचा आकार ठरत नाही. नक्षीकामाची बोलणी त्यानंतर होतात.

या गल्लीपासून जवळच राहणारी, बँकेत नोकरी करणारी सव्वीस वर्षांची एक तरुणी सध्या आपली पहिली शॉटगन, म्हणजे एका बाराला अनेक छर्रे उडवणारी बंदूक, निवडत आहे. तिच्या इच्छेनुसार आम्ही तिचे नाव सांगत नाही. महाविद्यालयात असताना तिने दहा मीटर एअर रायफल चालवली आहे आणि गेले वर्षभर ती बाहेरगावच्या रेंजवर जाऊन, तेथील बंदूक वापरून, उडत्या तबकडीवर नेम धरायला शिकत आहे. आता तिला स्वतःची बंदूक हवी आहे आणि तीही तंबोऱ्यासारखी माणसाला जुळवूनच निवडावी लागते.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे असे नेमबाज दिले. परंतु ती सारी परंपरा रायफल आणि पिस्तुलाची आहे. शॉटगनमध्ये बिकानेरच्या कर्णी सिंग यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे (दूर पळणाऱ्या तबकडीवरील नेमबाजीचे) रौप्यपदक आणले आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला एकाच वेळी दोन तबकड्या सुटणाऱ्या डबल ट्रॅपचे ऑलिंपिक रौप्यपदक मिळवले, तरी कृष्णाकाठच्या आमच्या भागात या खेळाची माहिती असणारी माणसे थोडीच भेटतात. त्यामुळे नवशिक्याला सल्ला मिळतो तो बहुधा रानातल्या बंदुकीचा अनुभव असलेल्या माणसाकडून, आणि रानाची बंदूक व तबकडीची बंदूक यांत अंतर मोठे आहे.

(दृश्य: शिराळा तालुक्यातील एक घर. सोप्यात बसलेले काका, चौरंगावर उघडून ठेवलेली रिकामी दुनळी.)

शिराळ्याच्या डोंगराकडील या घरात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी आहे. काका या तरुणीला, आपल्या पुतणीला, म्हणतात, "अगं, घरात बंदूक असताना नवी कशाला घेतीस? आबांच्या वेळची हाय, अजून एक नंबर चालती." पुतणी दुनळीच्या नळ्यांखाली कोरलेला आकडा बोटाने दाखवते आणि म्हणते, "काका, हिचं घर आखूड आहे. आत्ताची काडतुसं हिच्यात घालू नका."

तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ज्या घरात जुनी बंदूक आहे, त्या प्रत्येक घराने ते ऐकून ठेवावे. जुन्या अनेक दुनळ्यांचे काडतुसाचे घर ६५ मिलिमीटर लांबीचे असते, तर आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. हा आकडा उडालेल्या काडतुसाचा असतो. न उडालेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्यामुळे ते आखूड घरातही सहज बसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. बार झाल्यावर मात्र ती दुमड उलगडायला पुढे जागा उरत नाही, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि नळीतला दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो.

बारा बोअर हा शब्द तोंडात इतका बसलेला आहे, की त्याचा अर्थ विचारायचे कोणाला सुचत नाही. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास होईल तोच नळीचा व्यास, साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. अंगाने किरकोळ असलेल्या नवशिक्याला हलकी वीस बोअर घ्यावी असे अनेकदा सुचवले जाते. मला ते पटत नाही, कारण धक्का बोअरवर कमी आणि काडतुसातील छऱ्यांचे वजन व बंदुकीचे वजन यांवर अधिक अवलंबून असतो. साडेतीन किलोच्या आसपासच्या बारा बोअर बंदुकीतून २४ ग्रॅमचे काडतूस उडवले, तर खांद्याला बसणारा धक्का हलक्या वीस बोअरमधील २८ ग्रॅमच्या काडतुसापेक्षा सौम्य असतो.

(दृश्य: सांगली, जिल्हाधिकारी कार्यालयाचा परिसर.)

पहिली बंदूक विचारपूर्वक निवडण्याचे आपल्याकडे एक जास्तीचे कारण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, पोलिसांकडून चौकशी होते आणि घेतलेल्या बंदुकीचा क्रमांक परवान्यावर चढतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. प्रशिक्षणार्थी आणि नामांकित खेळाडू यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. नको वाटलेली बंदूक चार महिन्यांत विकून दुसरी घेणे येथे सोपे नसते. निवड चुकली, तर ती चूक वर्षानुवर्षे खांद्यावर वागवावी लागते.

मी स्वतः ती वागवली आहे. माझी पहिली बंदूक मी कोरीवकाम पाहून घेतली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब वाटतो असे म्हटल्यावर विकणाऱ्याने "सवय होईल" असे सांगितले आणि मी ते मानले. दोन वर्षे दस्त्याची टाच काखेत अडकत राहिली, गालफडावर निळा डाग कायम राहिला आणि मी दोष देत राहिलो तो चोकला, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळीला.

बंदूक अंगाला जुळणे याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. रायफलीला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी नेमाची सोय असते. शॉटगनला नळीच्या टोकावर फक्त एक माशी, म्हणजे नेमाचा छोटा मणी, असते आणि मागच्या माशीचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. डोळा कोठे असावा हे गाल ठरवतो, आणि गाल कोठे टेकावा हे दस्त्याची वरची कड ठरवते. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर साधारण एक मीटर धरले आणि गाल नेहमीपेक्षा ३ मिलिमीटर वर राहिला, तर ३० मीटरवर छऱ्यांचा मध्य सुमारे ९ सेंटीमीटर सरकतो. तबकडीचा एकूण व्यास ११ सेंटीमीटर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या ३ मिलिमीटरची किंमत कळते.

(दृश्य: तरुणी दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करते आणि त्यातून दूरचा विजेचा खांब पाहते.)

बंदूक हातात घेण्याआधीची ही परीक्षा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून खांब खिडकीत धरायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो, तो डोळा प्रबळ. हिचा उजवा हात चालतो आणि उजवाच डोळा प्रबळ आहे, त्यामुळे तिला अडचण नाही. हात उजवा आणि डोळा डावा असेल, तर डाव्या खांद्यावरून शिकायचे की चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी पट्टी चिकटवायची, हे प्रशिक्षकासोबत आधी ठरवावे लागते, कारण बहुतेक दस्त्यांना एका बाजूला किंचित कल दिलेला असतो.

त्यानंतर बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करायची, सुरक्षित दिशेला तोंड धरायचे, डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. माशी समोर दिसावी, तिच्यामागे नळीवरची पट्टी किंचित दिसावी. अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. पट्टी अजिबात दिसत नसेल, तर गाल फार खाली गेला आहे. फार दिसत असेल, तर फार वर. मान वाकडी करून डोळा माशीमागे नेता येतो, म्हणून ही परीक्षा एकदा करून भागत नाही. दहा वेळा बंदूक लावावी, हात दमल्यावर पुन्हा लावावी, आणि दहाही वेळा चित्र तेच दिसते का हे पाहावे.

बंदुकीचा प्रकार निवडणे त्या मानाने सोपे आहे. एका नळीवर दुसरी असलेली, मोडून उघडणारी बंदूक, जिला सगळे ओव्हर-अंडर म्हणतात, तीच नवशिक्यासाठी योग्य असे माझे स्पष्ट मत आहे. ती उघडी असली, की रेंजवरच्या कोणालाही लांबूनही ते दिसते आणि हा एक गुण बाकी सगळ्या गुणांना पुरून उरतो. खालची नळी साधारणपणे आधी उडते, कारण तिचा धक्का खांद्यात सरळ येतो आणि बंदुकीचे तोंड कमी उचलले जाते. नळीची लांबी २८ किंवा ३० इंच असावी. खास ट्रॅपसाठी घडवलेल्या बंदुकीचा दस्ता वर चढत जाणाऱ्या तबकडीसाठी उंच असतो, तर स्कीटमध्ये, म्हणजे दोन बाजूंनी आडव्या जाणाऱ्या तबकड्यांच्या खेळात, तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. दोन्ही खेळ शिकायचे असतील, तर मधल्या बांध्याची, गालपट्टी वरखाली करता येणारी आणि चोक बदलता येणारी स्पोर्टिंग बंदूक घ्यावी.

(दृश्य: रेंज. उघडलेल्या रिकाम्या बंदुकीच्या नळीच्या तोंडातून चोक बाहेर काढला जातो. तळहातावर बोटभर लांबीची नळी.)

सगळी चर्चा जिच्याभोवती फिरते, ती वस्तू ही एवढीशी असते. नळीच्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये जी थोडी आवळ दिलेली असते, ती म्हणजे चोक. पाव चोक म्हणजे व्यासात सुमारे पाव मिलिमीटरची आवळ, वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी. अर्ध्या चोकला सुमारे अर्धा मिलिमीटर आणि पूर्ण चोकला साधारण एक मिलिमीटर. नळी सरळच ठेवली, तर तिला सिलिंडर म्हणतात. सुमारे ३६.५ मीटरवर ७६ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ आखले, तर त्यात सिलिंडरचे साधारण ४० टक्के, अर्ध्या चोकचे ६० टक्के आणि पूर्ण चोकचे ७० टक्के छर्रे पडावेत, असा जुना हिशेब आहे. २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे सुमारे ३०० छर्रे असतात. त्यावरून किती छर्रे कोठे जातात याचा अंदाज येतो.

घट्ट चोक म्हणजे जोरदार बार, असा समज सर्रास आढळतो. छऱ्यांचा जोर चोकने फारसा वाढत नाही. त्यांचा झुपका किती पसरतो, एवढेच चोक ठरवतो. नवशिक्याला दिली जाणारी तबकडी बहुधा १८ ते २५ मीटरवर फुटते. १८ मीटरवर पूर्ण चोकचा झुपका ४० सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि सिलिंडरचा ७५ ते ८० सेंटीमीटर. पूर्ण चोक लावून शिकणारा नेमबाज चुकीला मिळणारी निम्मी सवलत स्वतःच्या हाताने काढून टाकतो. म्हणून पहिल्या वर्षी दोन्ही नळ्यांना पाव चोक लावावा. फार तर दुसऱ्या नळीला अर्धा. स्कीटला त्याहून मोकळी नळी चालते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजाच्या १५ मीटर पुढून सुटते आणि दूर पळत जाते, तेथे घट्ट चोक लागतो, पण तेथपर्यंत पोचलेला माणूस नवशिका राहिलेला नसतो.

बदलता चोक पूर्ण आवळून बसवलेला असावा आणि चोक न लावता बार काढू नये, कारण नळीतले आटे उघडे पडतात आणि खराब होतात. दर पंचवीस बारांनंतर बंदूक उघडून, रिकामी आहे हे पाहून, चोक सैल झाला नाही ना ते किल्लीने तपासावे. परतताना हात साबणाने स्वच्छ धुवावेत, छर्रे शिशाचे असतात.

तबकडीला मातीची म्हणतात, तरी ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच एकत्र करून ओतलेली असते. वजन सुमारे १०५ ग्रॅम. झुपक्याच्या मध्यात सापडली, तर तिचा काळा धूर होतो. कडेला सापडली, तर एखादी कपची निघते. रायफलीतून आलेल्या या तरुणीच्या पहिल्या महिन्यात कपच्याही निघत नव्हत्या, कारण चाप दाबताना नळी थांबवायची रायफलीची सवय हाताला होती आणि छर्रे तबकडीच्या मागून जात होते. प्रशिक्षक सर तिला म्हणाले, "नळी थांबवू नकोस, तबकडी फुटल्यावरही चालत राहू दे."

(दृश्य: सुमारे १५ मीटरवर लावलेला पांढरा कागद. मध्यभागी काळा ठिपका.)

आज ती रेंजवर एका वापरलेल्या ओव्हर-अंडरची परीक्षा घेत आहे. सांधा ढिला नाही, नळ्यांना पोचा नाही, कोरलेला क्रमांक कागदपत्रांशी जुळतो, हे सकाळीच पाहून झाले आहे. पाव चोक लावून, बंदूक झटकन खांद्याला आणून, ती त्या ठिपक्यावर पाच बार काढते. सर आणि ती कागदाजवळ जातात. पाचही बारांचा दाट भाग ठिपक्याच्या दोन-तीन बोटे खाली आहे. ती लगेच चोकची पेटी उघडते. सर पेटी बंद करतात, खिशातून पातळ रबराची पट्टी काढतात आणि दस्त्यावर, जेथे तिचा गाल टेकतो तेथे, चिकटवतात.

नवा कागद लावला जातो. ती पुन्हा पाच बार काढते आणि या वेळी ठिपका छऱ्यांच्या दाटीत दिसेनासा होतो. सर पट्टीची जाडी मोजतात आणि वहीत लिहून घेतात: ३ मिलिमीटर.