जखमीच्या दिशेने: डॉ. नॉर्मन बेथ्यून

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील ग्रेव्हनहर्स्ट या गावी मार्च १८९० मध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी नॉर्मन बेथ्यून यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण पुरे होण्याआधीच पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा ते स्ट्रेचर वाहणारे सैनिक म्हणून आघाडीवर गेले आणि १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे तोफगोळ्याच्या तुकड्याने पायाला जखम होऊन मायदेशी परतले. जखमी सैनिक रणभूमीवर किती वेळ तसाच पडून राहतो, हे त्यांनी डॉक्टर होण्यापूर्वीच पाहिले होते.

१९२६ मध्ये, डेट्रॉइटमध्ये व्यवसायात जम बसत असतानाच, त्यांना क्षयाने गाठले. न्यूयॉर्क राज्यातील एका आरोग्यधामात पडून असताना, छातीच्या पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुसाला विश्रांती देण्याच्या उपचाराविषयी त्यांच्या वाचनात आले. त्यांनी तो स्वतःवर करण्याचा हट्टच धरला आणि ते बरे झाले. पुढे माँट्रियलमध्ये त्यांनी छातीच्या शस्त्रक्रियेत नाव मिळवले. बरगड्या कापण्याची त्यांची कात्री चांभाराच्या हत्यारावरून सुचलेली होती. ‘बेथ्यून कात्री’ या नावाने ती पुढे जगभरच्या शल्यविशारदांच्या हाती गेली.

मात्र शस्त्रक्रियेने बरा झालेला रुग्ण पुन्हा त्याच कोंदट खोलीत, त्याच उपासमारीत परतला की आजारही परततो, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. श्रीमंतांचा क्षय आणि गरिबांचा क्षय हे दोन वेगळे रोग आहेत, असे ते लिहू लागले. महामंदीच्या त्या काळात त्यांनी बेरोजगारांवर मोफत उपचार केले, सर्वांसाठी सरकारी खर्चाने आरोग्यसेवा हवी अशी मागणी केली आणि १९३५ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. ते तापट होते, सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत, आणि एकाच पत्नीशी त्यांचा दोनदा विवाह व दोनदा घटस्फोट झाला. हा स्वभाव झाकून ठेवण्याची गरज नाही, कारण रुग्णाला थांबायला लावणाऱ्या कोणत्याही रीतीविरुद्ध उसळणारा संताप त्याच स्वभावातून आला होता.

१९३६ च्या अखेरीस स्पेनमधील यादवी युद्धाने होरपळणाऱ्या माद्रिदमध्ये त्यांनी हा संताप कामाला लावला. रक्ताअभावी सैनिक रुग्णालयाच्या वाटेवरच दगावत होते. म्हणून नागरिकांकडून घेतलेले रक्त, ते गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट घालून, बाटल्यांत भरायचे, शीतपेटीत ठेवायचे आणि मोटारीने आघाडीजवळ न्यायचे, अशी व्यवस्था त्यांच्या पथकाने उभारली. बार्सिलोनात डॉ. दुरान-जोर्दा यांनीही अशी सेवा सुरू केली होती, त्यामुळे या कल्पनेचे श्रेय एकट्या बेथ्यून यांना देता येणार नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागाहून अल्मेरियाकडे पायी पळणारे निर्वासितांचे लोंढे दिसताच त्यांनी रक्ताची गाडी रिकामी केली आणि तीत बायका-मुलांना बसवून खेपा सुरू केल्या.

जानेवारी १९३८ मध्ये ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले आणि चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानमार्गे उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात पोहोचले. तेथे उभारलेले आदर्श रुग्णालय जपानी फौजांनी लवकरच नष्ट केले. एका जागी थांबणारे रुग्णालय या युद्धात टिकणार नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. मग खेचराच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना बसतील अशा लाकडी पेट्या त्यांनी गावातील सुतारांकडून करवून घेतल्या. अवजारे, औषधे, पट्ट्या, सारे त्यांत मावे, आणि एखाद्या देवळात किंवा शेतकऱ्याच्या घरात थोड्याच वेळात शस्त्रक्रियेचे टेबल मांडले जाई. १९३९ च्या वसंतात एका लढाईच्या वेळी त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जखम ताजी असतानाच ती साफ झाली, तर ती चिघळण्याचे प्रमाण कितीतरी घटते, हे त्यांनी तेथील शिकाऊ मदतनिसांना पुन्हा पुन्हा दाखवून दिले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस, हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले गेले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, आणि तो रोखू शकणारी औषधे त्यांच्यापाशी नव्हती. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. माओ त्से-तुंग यांनी लिहिलेल्या लेखामुळे त्यांचे नाव चीनमध्ये घरोघरी पोहोचले, तर कॅनडाच्या सरकारला त्यांचा गौरव करायला १९७२ साल उजाडावे लागले.

काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांची आणि बेथ्यून यांची भेट कधीच झाली नाही, परंतु बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी तेथे शस्त्रक्रियाही केल्या आणि विद्यार्थीही घडवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचेही चीनमध्येच निधन झाले. बेथ्यून यांचे नाव धारण करणारे ते रुग्णालय आज शिच्याच्वांग शहरात चालू आहे.